मृदुलाचा जॉर्जिया

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटात एखादी गोष्ट इतकी वर्षं राहिली, यावर आमच्या नात्यातलं कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणा. साखरपुडा असो, दहावा असो — हो, दहाव्यालासुद्धा — जेवणं झाली की सतरंजीच्या मधोमध मी आणि भोवती बाकीचे, अशी आमच्याकडे वहिवाटच पडून गेलीय. कुणाच्या वरातीत घोडा भलत्याच गल्लीत शिरला, कोणता जावई जिलेबी समजून काय खाऊन बसला, सगळं मला पाठ. आणि जॉर्जियाची गोष्ट? ती तर मी इतक्यांदा सांगितलीय की पोरं पुढचं वाक्य आधी म्हणतात. पण मी सांगतो ती गोष्ट खोटी आहे. खरी आज सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतं.

माझी बायको मृदुला इथंच सोलापुरात हायस्कूलला भूगोल शिकवते. पन्नाशीच्या तोंडावर तिला जॉर्जिया लागला. लागला म्हणजे एखाद्याला भजन लागतं तसा. अमेरिकेतला नव्हे — काळ्या समुद्राकाठचा, डोंगरातला, आपल्या चार-पाच जिल्ह्यांएवढा देश. मोबाइलवर कुठलातरी व्हिडिओ बघत होती. त्यात एक म्हातारा जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या रांजणाचं झाकण काढून आतली वाईन दाखवत होता. ही ताडकन उठली. "अहो, हे तर आमचं पेव!"

तिचं माहेर माढ्याजवळच्या गावात. तिच्या लहानपणी त्यांच्याकडे पेव होतं — अंगणात खोल खणलेलं, वरून तोंड बंद केलेलं ज्वारीचं कोठार. इथं ज्वारी पुरतात, तिथं द्राक्षं पुरतात, एवढाच काय तो फरक, असं तिचं म्हणणं. बाटलीचं झाकणसुद्धा कधी न हुंगलेली बाई ती! पण तो देश तिला एकदम माहेरचा वाटायला लागला.

मग नवी पेठेतून दोनशे पानी वही आली. तिबिलिसीत उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, पूर्वेला काखेतीत द्राक्षांच्या गावांतून हिंडायचं, मग उत्तरेला काझबेगीच्या बर्फाकडे. कुठल्या घाटात दरड कोसळते, कुठल्या गावात राजम्यासारखी उसळ मिळते, पेट्रोलपंप कुठं — सगळं निळ्या शाईत, खाली पट्टीने रेघ मारून. एका पानावर तिने लिहिलं होतं की तिकडे जेवणाच्या टेबलावर एक माणूस उभा राहून तासन्‌तास बोलतो, बाकीचे ऐकतात, त्याला तमादा म्हणतात. आणि समोर कंसात — 'हे काम यांचं.'

हे पान मी वाचलं होतं. आधी वाचलं होतं, नंतर नाही. लक्षात ठेवा.

गाडी कोण चालवणार? मी स्कूटरवाला. तेव्हा तीच शिकली — या वयात, एका कडक मास्तराच्या शिव्या खात. लायसन्स आलं, भाच्याची जुनी गाडी मागून घेतली. पण तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्याची सवय कुठं करायची? मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात नोकरीला, परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं मी बघतो. सुट्टीच्या दिवशी तिथले रस्ते मोकळे असतात, हे मीच सांगून बसलो. झालं! दर सुट्टीला सकाळी बाईसाहेब बंद कारखान्यांच्या मधून उजव्या कडेने गाडी हाकायच्या आणि मी शेजारी दाराला धरून.

एकदा एक वॉचमन काठी घेऊन धावत आला. "ओ बाई! उलट्या साइडनं कुटं निगाला? हितं ट्रक येत्यात की!"

हिने काच खाली केली. घरात पुस्तकी बोलणारी बाई, त्या दिवशी तिच्या तोंडून थेट माढा बाहेर पडला. "आज कुटले ट्रक? आज सुट्टी हाय की! आमी परदेशात हाय असं समजा, मामा."

वॉचमनने माझ्याकडे बघितलं. "सायेब, तुमी तरी सांगा की कायतरी." मी काय सांगणार? मी दाराला धरून होतो.

किती हसली होती ती. केस सगळे वाऱ्याने विस्कटलेले. मला तेव्हा तिच्याबद्दल — कसं सांगू — कौतुक वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. काय होतं, ते मला भाऊबीजेला कळलं.

भाऊबीज माझ्या धाकट्या बहिणीकडे. जेवणं झाली, सतरंजी अंथरली आणि मी मांडी घालून घसा साफ केला. तर सतरंजीवर मृदुलाने नकाशा पसरला. सगळे त्या नकाशावर वाकले. बहीण म्हणाली, "वहिनी, तिकडे म्हणे पाण्यासारखी वाईन पितात. दादाला सांभाळा, त्याला ताकानेसुद्धा चढते." हशा झाला. मी लगेच त्याला जोडून माझा एक किस्सा सुरू केला — आणि माझी भाची प्रियंका, जिला मी मांडीवर घेऊन गोष्टी सांगितल्या, ती नकाशावरून मान वर न करता म्हणाली, "मामा, थांब ना जरा. मामीला सांगू दे."

एवढंच.

एवढंच हो! कुणी अपमान केला नाही, कुणी वाकडं बोललं नाही. मी वाटीतला चिवडा खाल्ला, तासभर खाल्ला. ती बोलत होती आणि माणसं ऐकत होती. माझं ऐकतात तशी नव्हे — माझं ऐकताना लोक हसायची वाट बघत असतात. तिचं ऐकताना ते गप्प होते. माझं आजवर कुणी असं गप्प बसून ऐकलेलं नाही.

व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. तो मी भरायचा, उत्तरही माझ्याच ईमेलवर येणार, हे ठरलेलंच. पंचवीस वर्षं माझ्या हातून टॉवेल साऱ्या जगात गेलेत, एक गठ्ठा कधी कागदांसाठी अडला नाही. मी अर्ज भरला. दोघांचे फोटो चढवले, विमा, पगाराच्या खात्याचे कागद, सगळं. शेवटचं बटण तेवढं राहिलं. ती स्वयंपाकघरात होती, शेंगा भाजल्याचा वास येत होता. मी ते बटण दाबलं नाही.

उद्या दाबू, म्हणालो. भीती होती का? घाटाची, गुडघ्याची, परक्या देशाची? होती, थोडी होती. बरेच दिवस मी स्वतःला तीच कारणं सांगितली. पण घाटाला घाबरणारा माणूस 'मला भीती वाटते' म्हणतो आणि बायको त्याला हसते, संपलं. मी घाबरलो नव्हतो. ती परत येऊन जे सांगेल, ते ऐकत मी आयुष्यभर सतरंजीच्या कडेला चिवडा खात बसेन — मला ते दिसत होतं.

दोन आठवड्यांनी मी सांगितलं, "नाकारला."

"कारण?"

"कारण देत नाहीत ते."

हेसुद्धा चाललं असतं. चार दिवस हळहळली असती. हल्ली पुष्कळांना नाकारतात. पण मृदुलाने थोडा विचार केला आणि ती म्हणाली, "माझ्या नावामुळेच असणार."

आता हे सांगायला हवं. तिचं माहेरचं नाव विमल. शाळेचे दाखले विमल, डिग्री विमल, नोकरीही त्याच कागदांवर लागली, म्हणून पगाराचं खातं विमल. लग्नात आपल्याकडे ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचं नवीन नाव लिहितो. मला विमल हे नाव आत्याबाईंसारखं वाटायचं. मी लिहिलं, मृदुला. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. पुढे आधार मृदुला, पासपोर्ट मृदुला. पैसे विमलचे आणि प्रवास मृदुलाचा — दोन बायका दिसल्या असणार त्यांना, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असेल बाई. तसंच असेल."

त्यानंतर आठ महिने ती नाव दुरुस्त करत फिरली. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, बँक, शाळा, शिक्षण विभाग. शाळा सुटली की डोक्याला ओढणी गुंडाळून सोलापूरच्या उन्हात या रांगेतून त्या रांगेत. एका कारकुनाने तिला विचारलं, "बाई, नक्की तुमी कोन?" संध्याकाळी घरी येऊन तिने मला ते सांगितलं, आणि सांगताना ती पहिल्यांदा हसली नाही. मी चहा केला. चांगला केला, आलं घालून. तेव्हा बोलता आलं असतं. चहा गाळता गाळता बोलता आलं असतं.

आणि त्याच महिन्यांत — हे लिहिताना हात अडतोय — त्याच महिन्यांत मी तिची गोष्ट केली. 'जॉर्जियावाले म्हणाले, या माणसाला दोन बायका दिसतात, यातली कुठली आत घेऊ?' वॉचमन घातला, उलट्या बाजूची गाडी घातली, वाईनच्या देशात ताकाची बाटली घातली. गोष्ट तुफान चालली. सतरंजी परत माझी झाली. मृदुलाही हसायची, पदराने डोळे पुसत.

एका संध्याकाळी तिने सगळे कागद एका नावाचे करून माझ्यासमोर ठेवले. "आता परत भरा."

तुमच्या लक्षात येतंय ना? मला सुटका होती! या वेळी अर्ज पाठवला असता आणि व्हिसा आला असता तर माझं खोटं कधी कुणाला कळलं नसतं. नावामुळेच अडलं होतं, हे उलट पक्कं झालं असतं. ती गेली असती. मीही गेलो असतो, तमादा म्हणून मिरवलो असतो. मग का नाही पाठवला? याला कारण शोधत मी किती वर्षं घालवली. सापडलं ते एवढंच, की ती गेली असती तर माझी गोष्ट संपली असती. मी दुसऱ्यांदाही अर्ज भरला आणि दुसऱ्यांदाही तो पाठवला नाही.

"परत नाकारला" म्हणालो, तेव्हा तिने कारण विचारलं नाही. गाडी भाच्याला परत गेली. आता सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पेपर तपासते आणि मी गॅलरीत बसतो. आमचं भांडण नाही. बोलतो आम्ही — भाजी कुठली, गॅस कधी लावला. पूर्वी मी एखादा किस्सा फुगवून सांगितला की ती चारचौघांत टोकायची, 'अहो, घोडा नव्हता, घोडी होती.' आता टोकत नाही. काहीही सांगितलं तरी मान हलवते. भरल्या घरात बोलत असताना आपलं कुणी ऐकत नाहीये असं वाटणं — ते माझ्या वाट्याला असं आलं.

गेल्या महिन्यात प्रियंकाच्या मुलीचं बारसं झालं. नाव ठेवून झालं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, जेवणं झाली. नावांवरून विषय निघाला आणि प्रियंकाच्या सासरच्या कुणीतरी ती दोन नावांची गोष्ट ऐकायची म्हणून हट्ट धरला. मी घसा साफ केला. पण मृदुला म्हणाली, "थांबा, आज मी सांगते."

आणि तिने सांगितली. माझ्याच शब्दांत, माझ्याच जागा घेत. वॉचमनचा आवाज माझ्यापेक्षा चांगला काढला. "काय करणार बाई," ती शेवटी म्हणाली, "मीच दोन नावांची. यांनी बिचाऱ्यांनी दोनदा अर्ज भरला, पण माझ्यामुळे यांचंही जायचं राहिलं."

बायका खदाखदा हसल्या. पाळण्यातलं बाळ दचकलं. हसू ओसरायच्या आत ती माझ्याकडे वळली आणि खरंच विचारावं तसं विचारलं, "बरोबर सांगितलं ना हो? काही राहिलं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. गप्प बसून.

"नाही," मी म्हणालो. "काही राहिलं नाही."