खिडकी चार बोटं वर

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. बायकोपाशी तर नाहीच — आणि ती आहे तिचीच. रोज जेवताना ती समोर बसलेली असते, आमटी वाढते, शाळेतलं काहीबाही सांगते, आणि मी मान डोलावत ऐकतो. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. तुम्ही तिला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

थोडं लांबून यावं लागेल. थेट सांगायला गेलं तर सगळं एका वाक्यात मावतं, पण ते वाक्य अजून तोंडातून निघत नाही.

आम्ही सौदीत, अल-खोबरला राहतो. मी एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. पाइप, व्हॉल्व्ह, वेल्डिंग — सगळं मोजून बघायचं आणि खाली सही करायची. मोजमाप ही माझी भाकरी. "ह्यांच्या खिशात एखादवेळेस रुमाल नसेल, पण टेप असणारच," असं अनघा आलेल्या पाहुण्यांना सांगते. अनघा म्हणजे माझी बायको. इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नाही.

उंचीचं आत्ताच सांगून टाकतो. आम्ही तिला बघायला गेलो होतो तेव्हा माझी आत्या तिच्यादेखत बोलून गेली, की मुलगी गोड आहे, पण ठेंगणी आहे. अनघा पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "मला कुठे तिच्याकडून माळ्यावरची भांडी काढून घ्यायचीत?" सगळे हसले. तीही हसली. पुढे लग्नानंतर तिने मला सांगितलं, की त्याआधी उंचीवरूनच तिला नकार आले होते, आणि तिने होकार दिला तो त्या वाक्याला, मला नव्हे. तेव्हापासून आमच्या घरात वरच्या फळीवरचे डबे मी काढतो. ती आतून नुसतं म्हणते, "लंबू, पोहे." मी जातो, डबा काढतो, तिच्या डोक्यावर हलकेच टेकवतो आणि मग हातात देतो. इतक्या वर्षांत हे कधी चुकलेलं नाही.

आता पिस्तुलाकडे येतो. नेमबाजीचं खूळ माझं, तिचं नव्हे. इथे एक इनडोअर रेंज आहे. पिस्तुलं तिथलीच, तिथेच वापरायची आणि तिथेच परत द्यायची. मला त्यातला धावपळीचा प्रकार आवडला. एका जागी उभं राहून गोल चांदमारी करायची नाही. प्लायवूडच्या भिंती उभ्या केलेल्या असतात, त्यांच्या आडून, कोपऱ्यातून, खिडकीतून कागदी टार्गेटं टिपत पुढे जायचं. टायमरची शिट्टी झाली की निघायचं. गुणही मोजतात आणि वेळही. नुसता नेम असून भागत नाही आणि नुसती घाई करूनही भागत नाही.

अनघा सोबतीला यायची. बाहेरच्या सोफ्यावर बसून वह्या तपासायची. एकदा मीच आग्रह केला, बघ तरी मारून. बघितलं तिने. आणि मग — कसं सांगू — तवा तापलाय की नाही हे बघताना ती जशी निवांत उभी राहते ना, तशीच ती तिथे उभी राहिली. घाई नाही, थरथर नाही. थोड्याच महिन्यांत ती माझ्यापुढे गेली. मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. ते कौतुक खोटं नव्हतं, एवढं तरी माझ्या पदरात टाका.

पण मग रेंजचा सौदी मालक मला दारात बघून आधी विचारायला लागला, "उस्ताजा नाही आली?" उस्ताजा म्हणजे बाई, शिक्षिका. माझं नाव त्याला येत होतं, तरी तो तिचंच विचारायचा. मला ते लागत होतं का? तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

रेंजवरच्या आमच्या क्लबची पहिली स्पर्धा भरवायची कल्पना माझी. मालकाची परवानगी, प्लायवूड, पंच, जमिनीवरच्या पट्ट्या, अगदी खजूर आणि समोसेसुद्धा मी बघत होतो. जो पहिला येईल त्याला रियाधच्या मोठ्या स्पर्धेत क्लबतर्फे पाठवायचं ठरलं. जागा एकच. भिंतींचे नकाशे मी घरी जेवणाच्या टेबलावर काढायचो. स्पर्धकाने ते आधी बघायचे नसतात. तर ही बाई पाणी प्यायला उठली की डोळ्यांवर ओढणी धरून, चाचपडत फ्रिजपर्यंत जायची. मी म्हणायचो, अगं, मी झाकलेत कागद. ती म्हणायची, माझा काय भरवसा, फट दिसली तर बघेनही. आता कळलं तुम्हाला, कसल्या माणसाबद्दल बोलतोय मी?

आमच्यात एक पद्धत आहे. आयोजक आणि पंच स्पर्धेच्या आदल्या दिवशी आपली फेरी उरकून घेतात, कारण स्पर्धेच्या दिवशी त्यांना काम असतं. त्यांचे गुण तेच धरले जातात. गुरुवारी दुपारी मी मारलं — आणि आयुष्यात मारलं नव्हतं एवढं चांगलं मारलं. त्या रात्री घरी गुणांचा कागद बघत बसलो. मला ठाऊक होतं, की ह्या गुणांच्या पुढे जाणारं क्लबमध्ये एकच माणूस आहे, आणि ते आत उद्याची कणीक मळतंय.

गुरुवारी संध्याकाळी नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी रेंज मोकळी करावी लागली, म्हणून भिंती उतरवल्या. शुक्रवारी सकाळी त्या खुणेबरहुकूम परत उभ्या करायच्या, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर स्पर्धा. सकाळी आम्ही सगळे लागलो होतो. शेवटची भिंत राहिली आणि नमाजची वेळ झाली. मालकाने पिस्तुलांची खोली कुलूपबंद केली, माझ्या खांद्यावर थाप मारली, आणि सगळे मशिदीत गेले. ते सगळे मुसलमान, मी एकटा मागे राहणारा. माझ्या भरवशावर हॉल सोडून गेले.

त्या भिंतीत खिडकी होती. खिडकीची फळी दोन लोखंडी खांबांना बोल्टने अडकवायची. खांबांना खालपासून वरपर्यंत भोकं. कालच्या भोकापाशी मी खडूने खूण केली होती. एक भोक वर म्हणजे खिडकी चार बोटं वर.

हेच ते वाक्य. मी ती एक भोक वर लावली. माझ्यासारख्या उंच माणसाला फरकच पडणार नाही, आणि माझ्या बायकोला पडेल, हे माहीत असताना लावली. आणि रुमालाने खडू पुसला. रुमाल होता त्या दिवशी खिशात.

रागात होतो म्हणावं, तर नव्हतो. पाना फिरवताना मी शीळ घालत होतो. आमच्यात एक बुटका फिलिपिनो नर्सही होता, त्यालाही ती खिडकी नडली. त्याचा तर मी विचारही केला नव्हता.

अनघाची पाळी आली. पहिल्या भिंती तिने अशा पार केल्या, की मालक उभा राहून बघायला लागला. मग खिडकी. ती थबकली. मान उंचावली, मग टाचा. चवड्यांवर उभं राहून नेम धरला की हात हलतो — गोळ्या गेल्या, पण पलीकडचं कोपऱ्यातलं टार्गेट तिला दिसलंच नाही. ते कोरं राहिलं.

पंच होते रफीकभाई. श्रीवर्धनकडचे, इथे त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. पिस्तूल रिकामं करून झाल्यावर ते तिला म्हणाले, "वहिनी, काल खिडकी एवढी वर नव्हती बहुतेक. हरकत घ्या तुम्ही, मी माप घेतो."

मी चार पावलांवर टायमर घेऊन उभा होतो. खिशात टेप. अनघाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नको, रफीकभाई," ती म्हणाली. "भिंत ह्यांनी लावलीय. ह्यांच्या मापात चूक होत नाही."

रफीकभाईंनी तरीही मला विचारलं, "बरोबर आहे ना, दादा?"

मी म्हणालो, "हो."

झालं. मी पहिला आलो, ती दुसरी, थोडक्यात. पेला मला मिळाला, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्या. गाडीत मागून आमची लेक सई म्हणाली, "इट्स ओके, आई, यू आर जस्ट शॉर्ट." अनघा हसली. म्हणाली, "हो गं. त्याला काय करणार, जन्माचंच आहे ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू मात्र काय मारलंस रे!" आणि समुद्रकाठच्या कॉर्निशवर गाडी थांबवायला लावून तिने आम्हाला आइस्क्रीम दिलं. माझ्या जिंकण्याचं.

त्या आइस्क्रीमपाशी सांगता आलं असतं. घरी पोचल्यावर सांगता आलं असतं. नंतर रियाधला गेलो तेव्हाच्या लांबलचक रस्त्यात तर किती वेळ होता — ती शेजारी बसून मला भडंग भरवत होती. रियाधला मी शेवटून मोजायला सोपं जाईल असा नंबर काढला. तिने माझा व्हिडिओ घेतला आणि म्हणाली, तिथले दिवेच धड नव्हते.

मी का नाही सांगितलं? पेल्यासाठी नव्हे. तो फ्रिजवर धूळ खातोय. तो पुसायचा तर तिला माझी उंची लागते. मी सांगितलं असतं तर ती खिडकीचं विसरली असती कदाचित. पण त्या दिवसाचं काय, पोह्यांच्या ट्रेच्या दिवसाचं? सगळ्या जगाने जे तिला सुनावलं होतं, ते न सुनावणारा मी एकटा होतो. आणि मी ते पाना घेऊन, मोजून, बोल्ट आवळून सुनावलं. तिला हे कळायला नको म्हणून गप्प बसलो, असंही म्हणता येईल. पण मी भित्रा आहे, म्हणून गप्प बसलो.

आता शेवटचं.

रियाधहून आल्यावर एका संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातात पेन्सिल. म्हणाली, "ती खिडकी किती उंचीवर होती रे? इथे भिंतीवर खूण करून दे. पुढच्या वर्षी तेवढीच ठेव, माझ्यासाठी कमीबिमी करायची नाही."

मी खिशातून टेप काढली. एक क्षण, खालच्या भोकाची खूण करावी असं मनात आलं. पण ती तिथे उभी राहिली असती तर तिला लगेच कळलं असतं, की खिडकी एवढी खाली नव्हती. म्हणून मी खरी खूण केली — शुक्रवारची, चार बोटं वरची. अगदी काटेकोर. ती म्हणाली, "थँक्यू, लंबू."

तेव्हापासून कुकर लावला की ती त्या रेघेसमोर उभी राहते. टीव्हीचा रिमोट पिस्तुलासारखा दोन्ही हातांनी धरलेला, टाचा उचललेल्या, नजर रेघेच्या पलीकडे. सुरुवातीला पोटऱ्या दुखायच्या. रात्री मी तेल चोळून द्यायचो. आता दुखत नाहीत. शिट्ट्या होईपर्यंत ती तशीच उभी राहू शकते, हात जराही न हलवता.

परवा संध्याकाळी मी बाहेर बसलो होतो. आत फोडणीचा वास आला, कांदा पडल्याचा आवाज आला. मी हाकेची वाट बघत राहिलो. हाक आली नाही. उठून दारात गेलो, तर ती चवड्यांवर उभी राहून वरच्या फळीवरून पोह्यांचा डबा स्वतःच काढत होती.