बिननावाची आठ पुडकी

टेलरबाईंच्या घरात नाताळच्या भेटींवर नाव लिहीत नाहीत. एकतीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही. पुडक्याच्या कागदावर नक्षी असते आणि ज्याची नक्षी त्याची भेट. नक्षी ओळखून पुडकी वाटायचं काम त्यांच्या यजमानांचं. "नाव वाचून काय, कुणीही वाटेल," असं ते दर वर्षी म्हणायचे आणि दर वर्षी घरातले हसायचे.

यजमान टपाल कचेरीत सॉर्टर होते. अठ्ठेचाळीस खणांच्या लाकडी फडताळासमोर उभं राहून आलेलं टपाल गावोगावच्या खणांत टाकायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. गल्लीत सगळे त्यांना पोस्टमास्तर म्हणत. ते प्रत्येकाला तेवढ्यापुरतं थांबून सांगत, "मास्तर नाही. सॉर्टर." फळवाल्याला त्यांनी हे किमान हजार वेळा सांगितलं असेल. फळवाला मुद्दाम म्हणायचा.

काचबिंदूने त्यांची नजर दोन वर्षांत गेली. पहिलं दीड वर्ष कडेकडेने, नंतर एकदम. या मार्चपासून खिडकी कुठे आहे एवढंही कळेनासं झालं. घरात चालण्याची पावलं त्यांनी मोजून घेतली, चहा स्वतः ओतायला शिकले, रडारड केली नाही. पण ऑक्टोबरात एका सकाळी टेलरबाईंनी खिडकीतून पाहिलं. फळवाला ओरडला, "काय पोस्टमास्तर, संत्री हवीत का?" आणि यजमान नुसते "नको" म्हणून आत आले. दुरुस्ती केली नाही. टेलरबाईंनी हातातला गणवेश बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात जेवताना ते म्हणाले, "यंदा वाटप जावईबापूंकडे दे. मला आता त्यातलं काही कळायचं नाही."

"बरं," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी ठरवलं ते मात्र दुसरंच होतं. वाटप यजमानांकडेच राहील आणि ते त्यांना जमेल असा कागद तयार करायचा.

कागद दर वर्षी त्याच बनवायच्या. दुकानातला चकचकीत कागद घरात एकदाच आला. "हा घडी धरत नाही," असं म्हणून त्यांनी तो कपाटाच्या फळीवर अंथरला. तेव्हापासून कटिंगचा खाकी कागद. ज्याच्यावर कोटाची, झग्याची, शाळेच्या गणवेशाची मापं आखली जातात तोच. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो कापायच्या टेबलावर पसरायचा आणि बशीत पांढरा रंग घ्यायचा. ठसे घरातलेच. मुलगा बस चालवतो, म्हणून त्याच्या कागदावर पट्टीने ओढलेल्या दोन-दोन समांतर रेघा, चाकांच्या खुणांसारख्या. मुलीच्या कागदावर कंगव्याने काढलेल्या लाटा. जावई फरशी बसवतो, त्याला बटाट्याचा चौकोनी ठसा. सुनेला तिरप्या फुल्या. नातीला बटणाचे तीन-तीन ठिपके. मोठी नणंद त्यांच्याकडेच राहते आणि तिच्या हातातला चहाचा कप कधी सुटत नाही, तेव्हा तिला कपाच्या बुडाचं एक मोठं वर्तुळ. टेलरबाईंच्या स्वतःच्या पुडक्यावर मापाच्या टेपसारख्या आखूड-लांब खुणा. यजमानांचं पुडकं कोरं. उरेल ते वाटणाऱ्याचं, असा हिशेब होता.

आता रंग उपयोगाचा नव्हता. टेलरबाईंना एक जुनी गोष्ट आठवत होती. कचेरीत दिवे गेले की यजमान हात थांबवत नसत. "कोर्टाचं पाकीट, लग्नाचं पाकीट, आईने मुलाला लिहिलेलं पाकीट, अंगठ्याला कळतं," असं ते घरी येऊन सांगत. तेव्हा त्यांना ती बढाई वाटली होती.

टेलरकडे एक दातेरी चाक असतं, मुठीत धरून फिरवायचं. कागदावरचं माप खालच्या कापडावर उतरवायला ते वापरतात. टेलरबाईंनी कागद उलटा टाकला, खाली जुनं पांघरूण घेतलं आणि चाक दाबून फिरवलं. सुलट बाजूला बारीक उंचवट्यांची रांग उठली. एका ठिपक्याची उंची नखाच्या जाडीइतकीही नव्हती. त्या हरखल्या आणि तिथेच चुकल्या. चांदण्या, पानं, वेली, घंटा असं सगळं त्यांनी त्या कागदावर काढलं. काढलेलं फार सुरेख होतं.

परीक्षेला नणंद बसली. तिच्या डोळ्यांवर गणवेशाच्या कापडाची पट्टी बांधली.

"सांगा वन्सं, काय आहे?"

"खरखरीत आहे."

"ते झालं. आकार कसला?"

"अगं, आकार कसला कळणार! कोंबडीची कातडी हातात दिल्यासारखं वाटतंय." तिने पट्टीखालून कागदाकडे पाहिलं. "घंटा आहे होय! कळलं, कळलं."

"पट्टी खाली ओढा तुम्ही."

"खाली ओढल्यावर कसं कळेल?"

टेलरबाईंनी मग पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर बांधली आणि आपलीच वेल चाचपली. त्यांनाही काही कळलं नाही. डोळा चित्र एका दमात बघतो. बोट एका वेळी बटणाएवढी जागा बघतं, पुढे सरकतं, मागचं लक्षात ठेवतं आणि मग जुळवतं. भरगच्च नक्षीत बोट हरवतं. नोव्हेंबरभर त्या दुपारी तासभर डोळे बांधून बसत आणि रोज काहीतरी काढून टाकत. आधी वेल गेली, मग चांदण्या, मग घंटा. शेवटी जुन्या नक्षीचा नुसता सांगाडा राहिला. दोन रेघा, एक लाट, एक चौकोन, एक फुली, तीन ठिपके, एक वर्तुळ आणि टेपच्या खुणा. प्रत्येकाभोवती चार बोटं मोकळी जागा. यजमानांना कुणी काही शिकवायचं नव्हतं. त्यांनी तीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं त्यांच्या अंगठ्याला आठवावं लागणार होतं. ते होईल की नाही हे टेलरबाईंना सांगता आलं नसतं. यजमानांवर आधी करून बघता येत नव्हतं. जमलं नसतं तर ते दुसऱ्यांदा हात लावायला बसले नसते.

तेवीस डिसेंबरला सकाळी सातही कागद तयार झाले. टेलरबाईंनी ते एकावर एक रचले, इस्त्री गरम केली, पाण्याचा हबका मारला आणि एकेक कागद कडक दाबून काढला. पन्नास वर्षं त्यांच्या हातून एकही काम इस्त्रीशिवाय बाहेर गेलेलं नाही. शिलाई इस्त्रीने पुरी होते, हे हाताखालच्या मुलींना त्या पहिल्या दिवशी सांगतात. सातवा कागद उचलताना त्यांचा अंगठा त्यावरून गेला आणि त्या जागच्या जागी थांबल्या. कागद आरशासारखा सपाट होता. उजेडात धरला की भोकांची रांग दिसत होती. बोटाला काही लागत नव्हतं.

नणंद कप घेऊन दारात उभी होती. "काय झालं गं?"

"इस्त्री केली मी."

"कशाला?"

नणंदेने कप खाली ठेवला. ती कप आपणहून खाली ठेवते असं फार क्वचित होतं. "इतकी शहाणी तू, आणि हे कसं केलंस?" असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, पण मग म्हणाली, "चाक दे. मी फिरवते."

चाकाने आता भागणार नव्हतं. पुन्हा उठवलेले ठिपके पुडकं बांधताना, एकावर एक ठेवताना बसले असते. इस्त्रीने झालं नसतं तर पुडक्यांच्या थप्पीत झालं असतं, हे टेलरबाईंच्या तेव्हा ध्यानात आलं. जे इस्त्रीखाली टिकेल असं काय असतं? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला तेव्हा त्या शिलाई मशीनला टेकून उभ्या होत्या.

कागद शिवायचा. पहिली शिलाई घातली आणि कागद त्या रेघेवर दोन तुकडे होऊन हातात आला.

"पोस्टाच्या तिकिटासारखा फाटला की!" नणंद म्हणाली.

टाका फार बारीक होता. भोकं जवळजवळ पडली होती. टेलरबाईंनी टाका लांब करायचा खटका शेवटपर्यंत खाली ओढला. आता कागद टिकला, पण दोरा बारीक, अंगठ्याखाली जेमतेम लागत होता. जाड दोरा सुईच्या नेढ्यात जाईना. तेव्हा त्यांनी तो बॉबिनवर हाताने गुंडाळला, खाली बसवला आणि कागद उलटा करून शिवायला घेतला. मशीनवर खालचा दोरा खालच्या बाजूला दिसतो. म्हणजे शिवणाऱ्याला नक्षी दिसतच नाही. ती कागदाच्या पोटाखाली, आंधळेपणाने होत जाते. पेन्सिलीची पुसट खूण आणि पायाखालचं पायडल एवढ्यावर त्यांनी नणंदेचं वर्तुळ शिवलं. एकदा टाका घ्यायचा, कागद केसभर वळवायचा, पुन्हा टाका. साठ टाक्यांनी सुरुवातीच्या भोकाला शेवटचं भोक येऊन मिळालं. कागद पालटला तर वर्तुळ कंपासने काढल्यासारखं उभं होतं. नणंदेने डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं.

"कप," ती म्हणाली. या वेळी पट्टी नव्हती आणि तिने डोळे उघडलेही नाहीत.

दुपारी चारपर्यंत पाच कागद झाले, चोवीस तारखेला सकाळी उरलेले दोन. नातीचे तीन ठिपके म्हणून तीन बारकी बटणं टाचली. इस्त्री त्यांनी कपाटात ठेवली आणि किल्ली नणंदेकडे दिली.

पंचवीसच्या सकाळी सगळे जमले. पुडकी टेबलावर होती. यजमान भिंतीकडच्या खुर्चीत, हात मांडीवर. जावई उभा राहिला आणि टेबलाकडे बघून गोंधळला. रंग कुठेच नव्हता; खाकीवर खाकीच दोरा.

"आई, यातलं मला काही दिसत नाही हो."

"मग बसा खाली," टेलरबाई म्हणाल्या आणि वरचं पुडकं यजमानांच्या मांडीवर ठेवलं. "अहो, हे कुणाचं ते सांगा जरा."

"मला काय विचारतेस?"

"नाव लिहायचं राहिलं."

"तू नाव कधी लिहिलंयस?" ते म्हणाले, पण तोवर हात पुडक्यावर गेला होता. तो हात काय करतो याकडे सगळ्यांचं लक्ष लागलं. डाव्या तळहातावर पुडकं, उजवा अंगठा आडवा. कचेरीतला जुना धरायचा प्रकार, हाताने आपणहून घेतलेला. अंगठा दोऱ्यावर आला, थांबला, दोऱ्याबरोबर गेला, मधली जागा ओलांडून दुसऱ्या दोऱ्यावर गेला.

"चाकं," ते म्हणाले. "बस. घे रे, तुझं."

मुलाने पुडकं घेतलं.

दुसरं. अंगठा वर गेला, खाली आला, वर गेला. "कंगवा. कुठे आहेस गं तू?" मुलगी पुढे झाली. तिसऱ्याला त्यांनी चारही कोपरे मोजले. "फरशी. जावईबापू, एक कोपरा चांगला काटकोनात नाही."

"आईंनी शिवलाय, मी बसवलेला नाही," जावई म्हणाला.

फुली, मग बटणं. वर्तुळावर अंगठा एक पूर्ण फेरा फिरला आणि ते हसले. मार्चनंतर टेलरबाईंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "अक्का, कप घे तुझा." सातव्यावर आखूड-लांब खुणा. त्यावर मात्र त्यांचा अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आला. एकेका खुणेवर ते थांबले. मग त्यांनी ते पुडकं टेलरबाई ज्या बाजूला उभ्या होत्या, बरोबर त्या बाजूला पुढे केलं.

आठवं त्यांनी स्वतःच टेबलावरून चाचपून उचललं. चारही अंगांनी अंगठा फिरवला. कुठेच काही लागलं नाही.

"कोरा," ते म्हणाले. "हा माझा."

पुडकी कुणी फोडली नाहीत. नातीने सगळी परत गोळा केली, टेबलावर उलटीसुलटी मिसळली आणि घड्याळ हातात धरलं. दुसऱ्या फेरीला आठ पुडक्यांना एकेचाळीस सेकंद लागले. तिसऱ्या फेरीला सव्वीस.

"कमाल आहे पोस्टमास्तर!" जावई टाळी वाजवत म्हणाला.

"मास्तर नाही," यजमान पुडकी पुन्हा चौथ्यांदा लावायला घेत म्हणाले. "सॉर्टर."

टेलरबाई खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. त्यांची नजर नवऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हती, अंगठ्यावर होती; कोटाची पहिली ट्रायल बघताना असते तशी. चौकोनाच्या त्या वाकड्या कोपऱ्यावर अंगठा प्रत्येक फेरीला किंचित अडखळत होता. संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्यांनी तो कागद मशीनवर घेतला, कोपरा उसवला आणि नीट काटकोनात पुन्हा शिवला.