दहिवर सुकेपर्यंत

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी अकरा. नेरच्या आमच्या कॉलेजात नव्या सत्राच्या बैठकीला अठरा प्राध्यापक हजर होतो. प्राचार्य परिपत्रक उभं राहून वाचतात आणि स्वतःचं मत बसून सांगतात. ते खुर्चीत टेकले, की आम्हाला धास्ती वाटते.

पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षा नाही, हे त्यांनी उभ्यानं वाचलं. मी आकडा सांगितला. "सर, कापसाचा भाव पडल्यापासून घरोघरी मजूर लावणं बंद. दोनशे दहापैकी एकशे चाळीस पोरं वेचणीला जातात. सगळी बाद होतील."

ते बसले.

"दहिवर सुकल्याबिगर वेचणी होते का?"

"नाही. नऊ तरी वाजतात."

"मंग सातले कॉलेज भरवू."

यवतमाळहून ये-जा करणारे उसळले. "सर, आमची बसच आठले येते!"

"मंग पहिला तास माहा."

इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "सर, बारा वर्षांत तुम्ही खडू धरला नाही!"

"पोट्ट्यायले कुठं मालूम आहे?"

संध्याकाळपर्यंत पोरांना घरोघरी निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सातला मी मोजायला गेलो. एकशे बत्तीस पोरं बसली होती. थंडीतही प्राचार्यांना घाम फुटला होता. माझं घर कॉलेजच्या मागेच आहे, हे मी बैठकीत बोललो नव्हतो. निदान आठचा तास तरी मी स्वतःकडे मागून घेतला.