वरवंट्यावरचं इकेबाना

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी इकेबाना, म्हणजे जपानी पद्धतीची फुलांची मांडणी, शिकले. शिकले म्हणजे मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. तोही अर्धाच, कारण कुकरची शिट्टी झाली.

निमित्त होतं आमच्या नातीला, शिल्पाला, बघायला येणाऱ्या अक्कलकोटच्या पाहुण्यांचं. मुलगा शिल्पाच्या मनात भरलेला, दोघं फोनवर तासन्‌तास बोलायची. अडचण एकच, मुलाची आजी. सगळे त्यांना अव्वा म्हणतात आणि त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नाही. म्हटलं, आपण पण काही कमी नाही, हे दिसू दे की अव्वांना!

आता या मांडणीत पसरट भांड्यात खिळ्यांचा एक ठोकळा ठेवून त्यात फुलं रोवतात. सात रस्त्याच्या चौकात चार दुकानांत तो ठोकळा विचारला. एकानं मला केसांचा ब्रश दाखवला. शेवटी पितळी ताटात घरातला वरवंटा उभा केला, त्याला एक वाकडी फांदी दोऱ्यानं बांधली (बेलाची, अंगणात तीच होती), तीन पांढरी फुलं खोचली आणि पाणी ओतलं. लांबून बघितलं. जपान नाही, पण निदान पुण्यापर्यंत पोचलं होतं.

पाहुणे आले. अव्वा दारातच थबकल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ माझ्या कलाकृतीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. काळा उभा दगड, बेल, पांढरी फुलं, पाणी! मागं सगळे पाहुणे हात जोडून. आमच्या ह्यांनीपण जोडले (रोज त्याच वरवंट्यानं वाटलेली चटणी खाणारा माणूस!). मी तोंड उघडेपर्यंत अव्वा ताटातलं पाणी तळहातावर घेऊन तीर्थ म्हणून प्यायल्यासुद्धा.

शिल्पा माझ्याकडं बघायला लागली. बोलावं तर पोरीचं स्थळ जातंय, गप्प बसावं तर म्हाताऱ्या बाईला फसवल्यासारखं होतंय.

"अव्वा, चुकलं माझं," मी म्हटलं. "त्यो महादेव न्हाय, वरवंटा हाय."

अव्वांनी शांतपणे ओठ पुसले.

"कळालं की. तीर्थाला लसणाचा वास कुटं येतो? तुमी अजून पाट्यावर चटणी वाटता व्हय?"

"व्हय."

"मग द्या की वाटीभर. आमच्यात आता समदं मिक्सरवर."

त्याच दुपारी सुपारी फुटली.

लग्नाला वर्ष झालं. अव्वा दर फोनला चटणीची चौकशी करतात. ताटात तीन फुलंही होती, हे मात्र अजून मलाच सगळ्यांना सांगत बसावं लागतं.