माझं लाल तोंड

आधी गाल गरम व्हायचे, मग नाक, मग कपाळ. पाच मिनिटांत अख्खं तोंड लालबुंद. चुलीपुढे बसलं की, उन्हातून आलं की, कोणी जरा मोठ्या आवाजात बोललं की सुद्धा. अर्धा-पाऊण तास नुसती आग आग. नवरा म्हणाला, "पित्त असन. आवळा खाय." आवळा खाल्ला. जाऊ म्हणाली, "पाळी जायचे दिवस आले तुये." बेचाळीस वर्षांची होते, म्हटलं असेल बाई. पण मनात तिसरंच नाव होतं आणि ते मी कोणापाशी काढत नव्हते.

लाखांदूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी आशाचं काम करते. गरोदर बायांची नोंद, लेकरांचे डोस, आणि कुष्ठरोगाची पाहणी निघाली की घरोघरी जाऊन पाठ-दंड-तोंड पाहायचं. चट्टा दिसला की माणसाला दवाखान्यात पाठवायचं. प्रशिक्षणात मिळालेली चित्रं पिशवीतच असायची. लाल, चकचकीत तोंड. जाड झालेल्या कानाच्या पाळ्या. आता मी सकाळी दार लावून ती चित्रं आरशाशेजारी धरायची आणि आपल्या पाळ्या चिमटीत दाबून पाहायची. कालच्यापेक्षा जाड झाल्या काय? रोज वाटायचं, झाल्या.

औषध आहे, गोळ्या खाल्ल्या की रोग बरा होतो, हे घरोघरी मीच सांगितलेलं. पण माहीत असलं म्हणून भीती जाते काय! गावात अजून महारोगच म्हणतात. मग कोणती बाई आपलं दहा दिवसांचं बाळ माझ्या हातात देईल? मला गावात बाई म्हणतात ते या कामापायी. हे काम गेलं की तेही गेलं.

अशा वेळी वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एक काकू हटकून आठवायच्या. मागच्या एका पाहणीत त्या खांद्यावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या. मी पदर सारलाच. खाली चट्टा. मी पेनातली रिफिल काढली. "डोळे मिटा काकू. टोक लागलं की हो म्हणा." चट्ट्यावर टोक ठेवलं, काकू गप्प. चट्टा बधिर, म्हणजे तोच रोग. केवढी रागावले होते मी त्यांच्यावर! "लपवलं काहून? लाज कायची त्याची?" पुढं त्यांनी सगळ्या गोळ्या खाल्ल्या आणि बऱ्या झाल्या.

आता तीच रिफिल मी आपल्या गालावर टोचायची. लागायची. चांगली झोंबायची. पण मग वाटायचं, टोक आपणच धरलंय, कुठं लागणार ते ठाऊक आहे, म्हणून लागल्यासारखं वाटतं.

डॉक्टर दोन झाले. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं बरोबर. दोघंही म्हणाले, तोंडावर काहीच दिसत नाही. दिसणार कसं? दवाखान्यात कळकट तोंडानं कशी जाऊ, म्हणून मी निघताना साबणानं तोंड धुवायची, ट्यूब लावायची, वर पावडर. ट्यूब म्हणजे गोरं व्हायची. दोन वर्षांमागं पुतणीच्या लग्नात जावेनं मेडिकलमधून आणून दिली होती. ती लावली की आग बसायची, लाली उतरायची. म्हणून रोज दोनदा, संपली की नवी. "तोंडाला काही लावता का?" असं डॉक्टरांनी विचारलं तर मी म्हणायची, "नाही जी." बेचाळिसाव्या वर्षी गोरं व्हायची हौस कोणत्या तोंडानं सांगू!

तिसऱ्या होत्या भंडाऱ्याच्या, चामडीच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी काहीही न लावता या. आणि घरात तोंडाला लावायचं जे असेल ते सगळं पिशवीत घेऊन या."

दुपट्टा गुंडाळून एसटीत बसले. पिशवीत साबण, पावडर, आणि अगदी खाली ट्यूब. बाईंनी नेमकी तीच उचलली, त्यावरचं बारीक वाचलं. "किती दिवस?"

"दोन वर्षं."

"मग हेच आहे." त्यात स्टेरॉइड होतं. त्यानं कातडी पातळ झाली, म्हणून पेटते. एकदम बंद करायची. पण बंद केल्यावर काही महिने आणखी पेटेल, घाबरायचं नाही.

"अन् तो रोग?" पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी चट्टे, कान, हात सगळं तपासलं आणि नाही म्हणाल्या.

ट्यूब बंद केली आणि चौथ्या दिवशी तोंड सुजलं. इतकं लाल कधीच झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई चुकल्या, डोक्यात दुसरं काही नाही. गृहभेटी बंद केल्या, बरं नाही असं सांगून घरात बसले.

आठव्या दिवशी काकू दारात. "काहून वं बाई, आली नाही तू? नवी बाळंतीण वाट पाहून राहिली."

मी तोंडावर पदर ओढला. काकूंनी तो सरळ खाली केला आणि पाहत राहिल्या. मग माझ्या पिशवीतलं पेन घेतलं, रिफिल काढली.

"डोळे मीट."

"काकू, अवं, डॉक्टरनं पाहिलं..."

"मीट म्हणलं ना!"

मिटले. कुठं टोक येणार ते आता मला ठाऊक नव्हतं. डाव्या गालावर लागलं. "हो," मी म्हटलं. कपाळावर. "हो." कानाच्या पाळीवर. "हो, काकू, हो." आणि मला रडूच फुटलं.

काकूंनी रिफिल परत पेनात घातली. "लागते तुले. मंग लपवलं काहून?"

मी दुपट्टा घरीच ठेवला आणि त्यांच्यामागं निघाले. बाळंतीण माझ्या तोंडाकडे कितीतरी वेळ पाहत होती. मी दारातच उभी. मग तिनं बाळ उचललं आणि माझ्यापुढं धरलं. वजनकाटा काढायच्या आधी मी त्याला नुसतं छातीशी धरून बसले.