खडूचा भंडारा

मी नोकरीवर हजर झाले त्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत माझं स्वागत एका प्रश्नाने झालं. खिडकीपाशी उभं राहून बशीतला चहा फुंकणारे एक आडदांड गृहस्थ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आवं बाई, तुमची वसाहत कुठली?" मला वाटलं, राहायच्या जागेची चौकशी करतायत. मी म्हटलं, "अजून खोली मिळाली नाही." त्यांनी मान हलवली. "तसं न्हवं. विषय कुठला?" अर्थशास्त्र म्हटल्यावर त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. "म्हंजे व्हर्जिनिया. बसा तिकडं. तंबाखूचा वास येतोय त्येच टेबल."

हे इतिहासाचे जगदाळेसर. आमच्या विभागप्रमुखांच्या तोंडात सदा तंबाखू, म्हणून आम्ही तंबाखू पिकवणारी व्हर्जिनिया. इंग्लंडमधून लोक अमेरिकेत गेले आणि त्यांनी तेरा वसाहती वसवल्या, त्या सगळ्या आमच्या खोलीत हजर आहेत, असं सरांचं ठाम मत होतं. भूगोलाचे दोघे कुणाच्या अध्यात ना मध्यात, ते पेनसिल्व्हेनिया. मराठी विभाग मॅसॅच्युसेट्स, कारण "सोता धर्माच्या स्वातंत्र्यापायी आले, अन् दुसऱ्याला श्वास घिऊ दिईनात." हिंदीच्या मुल्लासरांचं एकुलतं टेबल दाराशी होतं. आधी ते मराठीवाल्यांच्या टेबलावर बसायचे, पण प्रमुख पाटणकरसरांशी त्यांचं वाजलं आणि त्यांना उठावं लागलं. ते ऱ्होड आयलंड, तिथून हाकललेल्यांची वसाहत. टेबलं सगळी मिळून तेरा भरत नव्हती. मी ते एकदा दाखवून दिलं, तर सर म्हणाले, "सायन्स सुरू हुईल तवा बाकीच्या येतील." प्राचार्य अर्थातच इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज होते आणि संस्थेचे सेक्रेटरी म्हणजे पार्लमेंट. मला सुरुवातीला या माणसाचा रागच यायचा. दुसरं सत्र येईपर्यंत मी स्वतःच "आमच्या व्हर्जिनियात" असं बोलू लागले होते.

आमचं कॉलेज येरळेच्या काठी, वडूजच्या रस्त्यावर. तिसऱ्या वर्षाला अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता आणि तो घेणारी पोरं खटाव-माणमधली, एखाददुसरं जतकडचं. सर फळ्यावर इंग्रजी शब्द ठळक लिहायचे, हात झटकायचे आणि सुरू व्हायचे. इंडेंचर्ड सर्व्हंट? "सालगडी! बोटीचं भाडं दुसऱ्यानं भरलं, मग त्येच्या रानात चार चार, सात सात सालं राबायचं. फरक येवडाच, की पळून जायाला तितं ष्टँड न्हवतं." मर्कंटिलिझम? "ऊस पिकवायचा तुमी, साखर करायची त्येंनी, अन् चहात घालायला परत इकत घ्यायची तुमीच. त्येंच्याच दुकानातनं." परीक्षेत मात्र शुद्ध लिहायचं अशी त्यांची ताकीद होती. "कागदावर पुण्यासारखं लिवा, पण डोस्क्यात आपल्या भाषेत ठिवा."

त्यांचा सगळ्यात लाडका शब्द व्हर्च्युअल रिप्रेझेंटेशन. आमचा एकही माणूस पार्लमेंटात नाही, मग आमच्यावर कर कसा लावता, असं वसाहतींनी विचारलं. तर पार्लमेंट म्हणालं, तुमच्या वतीने आम्ही आहोतच की. हे सांगताना सर पोटावरून हात फिरवायचे आणि तृप्त चेहरा करायचे. "तुमच्या वतीनं आमी जेवलो. आता ढेकर तुमी द्या." वर्ग हसून लोळायचा. शेजारच्या वर्गात मी मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत असायचे आणि माझी पोरं भिंतीकडे कान लावून बसायची.

सरांचा चहा गेटाबाहेरच्या लिंबाखाली उभ्या असलेल्या गाड्यावरून यायचा. गाडा गफूरभाईचा. शेळीच्या दुधाचा दाट चहा, आणि सरांच्या कपात सगळ्यांहून जास्त साखर. सर याच कॉलेजात विद्यार्थी असल्यापासून तिथला चहा पीत होते. गफूरभाईचं घर त्या एका गाड्यावर चालायचं. दुष्काळात गावातली निम्मी माणसं खडी फोडायला गेली, तेव्हाही त्याने स्टोव्ह विझू दिला नव्हता.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा आवारात पत्र्याचं नवं कॅन्टीन उभं होतं. सेक्रेटरींच्या मेव्हण्याचं. सोबत नोटीस होती, की बाहेरच्या गाड्यांना गेटासमोर मनाई आहे आणि सर्वांनी चहा आवारातच घ्यावा. गफूरभाईने गाडा ढकलत ढकलत गावापलीकडे एसटी स्टँडवर नेला. आम्ही हळहळलो. जगदाळेसरांचा चेहरा मात्र लग्नघरासारखा उजळला होता. "बाई, सतराशे त्र्याहत्तर! बरुबर दोनशे सालं झाली. इतकी वर्सं शिकिवलं, आज डोळ्यानं बघतोय. ईस्ट इंडिया कंपनी आली बगा मेव्हण्याच्या रूपानं!"

पाटणकरसर म्हणाले, "पण जगदाळे, कॅन्टीनचा चहा गफूरपेक्षा स्वस्त आहे हो."

"आवं, त्योबी स्वस्तच हुता!" सर गरजले. "कंपनीचा चहा स्वस्त हुता, तरी बोस्टनच्या लोकांनी समुद्रात बुडिवला. का? माज्या घशाखाली कुणाचा चहा जायाचा, ह्ये लांबचा कोण ठरिवणार?"

ही बातमी वर्गात पोचायला वेळ लागला नाही. दोन पोरं दारात येऊन उभी राहिली. "सर, कॅन्टीनची पत्ती बुडवायची का? बोस्टनवाल्यांसारखं रेड इंडियनचं सोंग घेऊन?" सरांनी खिडकीतून येरळेच्या कोरड्या वाळूकडे पाहिलं. पाऊस अजून यायचा होता. "बुडवायला पाणी कुठं हाय रं गड्यांनो? त्यापरास त्येंनी आधी जे क्येलं त्ये आपुन करू. बहिष्कार."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना गोल उभं केलं. आपल्याकडे बेल-भंडारा उचलून शपथ घेतात. इथे मुल्लासर होते, नास्तिक म्हणवणारे भूगोलवाले होते. सरांनी खडूचं खोकं पुढे केलं. "मास्तराचा भंडारा ह्योच. उचला." प्रत्येकाने एकेक खडू उचलला आणि गफूरभाईचा गाडा लिंबाखाली परत येईपर्यंत चहाला शिवणार नाही, अशी शपथ घेतली. पाटणकरसरांचा खडू सगळ्यांत उंच होता.

मी घरून गवती चहाची पात उकळून आणू लागले. वसाहतींमधल्या बायकांनीही असेच पाल्याचे काढे केले होते, हे सांगून सरांनी मला बढती दिल्यासारखं केलं. पण स्वतः तो काढा पिताना त्यांचं तोंड बघवत नसे. दिवसाला सात-आठ कप रिचवणारा माणूस. डोकं एवढं दुखायचं, की वर्गातसुद्धा कपाळाला पंचा आवळून उभे राहायचे. बाकीच्या वसाहती आठवड्याभरात ढेपाळल्या. कॅन्टीनच्या मागच्या तट्ट्याआड कधी भूगोल दिसू लागला, कधी आमची तंबाखू, आणि एकदा खुद्द मॅसॅच्युसेट्स, मिशीला साय लागलेलं. सर माझ्याबरोबर तिथून चालले होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि आभाळातले नसलेले ढग बघू लागले. पुढे गेल्यावर म्हणाले, "ह्येला म्हणत्यात हितकारक दुर्लक्ष. विंग्लंडनं लय वर्सं क्येलं. कायदा मोडताना दिसला तरी बघायचं न्हाई. घर शाबूत ऱ्हातंय." स्वतः मात्र शपथ पाळत राहिले. गंमत करता करता हा माणूस किती हट्टी आहे, हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी खोलीचं दार ढकलून गफूरभाई आत आला. हातात ट्रे, ट्रेमध्ये कॅन्टीनचे निळे कप, आणि वास मात्र तोच, शेळीच्या दुधाचा. मेव्हण्याला चहा जमत नव्हता. त्याने गफूरभाईला पगारावर ठेवून घेतलं होतं.

"सर, माज्या हातचा हाय. घ्या," गफूरभाई म्हणाला. "साखर जादा टाकलीया."

सरांनी कपाकडे पाहिलं. कपाळाचा पंचा आणखी आवळला. "न्हाई रं गफूर. चहा तुजा, पर कप कंपनीचा. शपथ घेतलीया आमी."

"कुणापायी?"

"तुज्यापायीच की!"

गफूरभाईने ट्रे टेबलावर ठेवला. तो चिडला नव्हता, तेच जास्त लागलं. "माज्यापायी? आवं सर, मग येकदा तरी मला इचारायचं. मी ष्टँडवर माशा मारत बसलो. तितं कोण थांबतंय? येष्टी आली की मानसं पळत्यात. रोज वाटायचं, आज सर येतील, बाई येतील, सुटल्यावर येक येक कप पितील. तुमी समद्यांनी माज्या वतीनं चहाच सोडला. उपाशी तुमी ऱ्हायलासा अन् धंदा माजा बसला. आता सालगडी झालोय बगा त्येंचा."

इतके शिकलेले लोक आम्ही, आणि स्टँडपर्यंत चालत जाऊन त्याचा चहा विकत घ्यावा, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला लाजेने मान वर करवेना. जगदाळेसरांनी कपाळाचा पंचा सोडला, त्याची घडी घातली आणि खुर्चीत बसले. मग त्यांचं पोट गदगदू लागलं. मला वाटलं रडतायत. हसत होते, पण डोळ्यांत पाणीही होतं.

"बाई, व्हर्च्युअल रिप्रेझेंटेशन," ते म्हणाले. "जन्मभर पोरास्नी शिकिवलं. ढेकर आमी दिली अन् उपाशी ह्यो." मग उठून गफूरभाईच्या खांद्यावर हात ठेवला. "आता इचारतो. तुला काय पायजे रं?"

"गाडा. लिंबाखाली. कप माजा, साखर माजी."

"मग चल, तूच सांग."

आम्ही सगळे प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. तिसरे जॉर्ज चष्मा काढून म्हणाले, "बोलणार कोण?" सवयीने सगळ्यांच्या माना जगदाळेसरांकडे वळल्या. सर खिडकीबाहेर बघत उभे. गप्प बसायला त्यांना किती कष्ट पडत होते ते त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळत होतं. शेवटी गफूरभाईच पुढे झाला. "साहेब, भजी-मिसळ मेव्हणेसाहेबांची ऱ्हाऊ द्या, चहा तेवडा गेटावर माजा. त्येंचा चहा कुणी पीत न्हाई म्हणून तर मला ठिवलंय. मी गेटावर गेलो तर पोरं भजी खायाला आत येतील अन् चहा प्यायला भाईर. दोगांचंबी चालंल." प्राचार्यांनी सेक्रेटरींशी बोलतो म्हणून सांगितलं. मेव्हणाही चहाला कंटाळलाच होता. पुढच्या आठवड्यात गाडा लिंबाखाली आला आणि सर लागोपाठ तीन कप प्यायले. उपप्राचार्यपद मात्र, पाळी जगदाळेसरांची असूनही, त्या वर्षी पाटणकरसरांना मिळालं. मला वाईट वाटलं. सर म्हणाले, "मॅसॅच्युसेट्स म्होरंच असतंय बाई. इतिहास वाचा."

त्यानंतर आमच्या कॉलेजात कुणाला "सर्वांच्या वतीने" म्हणायची सोय उरली नाही. निरोप समारंभ असो की आभार, कुणी ते शब्द उच्चारले, की मागून सरांची ढेकर यायची. खोटी, पण खणखणीत.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, वर्गात शिकवता शिकवताच त्यांच्या छातीत कळ आली. कऱ्हाडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. शोकसभेत पाटणकरसर उठले आणि कागद उलगडून वाचू लागले, "आम्हां सर्वांच्या वतीने..." तेवढं म्हणून ते थांबले. सगळेच थांबलो. मागून काहीच आलं नाही, आणि तिथे मला रडू फुटलं. एवढ्यात दाराशी उभा असलेला गफूरभाई म्हणाला, "साहेब, माज्या वतीनं नगं. माजं मी बोलतो."

तो पुढे आला. सरांच्या फोटोसमोर उभा राहिला. खांद्यावरचं फडकं त्याने काढलं, पुन्हा खांद्यावर टाकलं.

"सरास्नी साखर जादा लागायची," एवढंच बोलला आणि परत दाराशी जाऊन उभा राहिला.