कोणापासून?

गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी बाई लक्ष्मीबाई नगरमधले सरकारी घर सोडून गेल्या. सोबत दोन बॅगा, एक कुकर आणि रेणुका नावाची मुलगी होती. कुठे जाणार हे त्यांनी ऑफिसात सांगितले नव्हते, शेजारी सांगितले नव्हते आणि मलाही नाही.

ऑफिस म्हणजे दिल्लीतला आमचा मराठी बातम्यांचा विभाग. हिंदी-इंग्रजीत आलेली बातमी मराठीत करायची आणि पुढे पाठवायची, एवढेच काम. बाई तिथे सर्वांत जुन्या. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ओळ बाहेर पडत नसे. समोर सगळे त्यांना 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'कोणापासूनबाई'.

हे नाव एका सवयीवरून पडले होते. बातमीत 'संरक्षण' आले की त्या वळूनही न बघता विचारत, "कोणापासून?" मंत्र्याला संरक्षण असो, साक्षीदाराला असो की पिकाला, प्रश्न तोच. उत्तर नसेल तर कॉपी परत. "धोका लिहायला घाबरता, म्हणून संरक्षण लिहिता," असे त्या म्हणत. एकदा एक ज्येष्ठ सहकारी वैतागला. "बाई, व्हीआयपी आहे यार! कोणापासून म्हणजे काय? सगळ्यांपासून!"

"अच्छा. मग तसं लिहा ना, जनतेपासून संरक्षण."

विभाग हसला. सहकाऱ्याने दोन फोन केले आणि धमकी कोणाची होती ते बातमीत आले.

या जातीच्या शब्दांबाबत बाई कमालीच्या कडक होत्या. निवारा उन्हापावसापासून मिळतो, माणसापासून नाही, म्हणून दंगलीतल्या लोकांना त्यांनी कधी निवारा मिळू दिला नाही. 'थारा' हा शब्द बहुधा नकारातच सापडतो, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात दाखवले. "लोक थारा देत नाहीत, तेव्हाच हा शब्द आठवतो." अभय देणारा तोच, ज्याची भीती असते, ते राजा देऊ शकतो, शेजारी नाही. आसरा मागावा लागतो. न मागता दिला तर ती देणाऱ्याची हौस.

एक दिवस 'आरोपीला आश्रय देणाऱ्या महिलेस अटक' अशी ओळ आली. महिला आरोपीची आई होती. बाईंनी 'आश्रय' खोडून 'मुलाला घरी राहू देणाऱ्या आईस अटक' असे केले. संपादकांचा फोन आला, की यामुळे वाचकाची सहानुभूती तिकडे जाते. "जाऊ दे," बाई म्हणाल्या. "मुलगा आईच्या घरी राहतो. त्याला आश्रय कोण म्हणतं?"

स्वतः मात्र त्या एका जागी बसत नसत. चहा उभ्याने पीत. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून कस्तुरबा गांधी मार्गावर चालून येत. कोणी विचारलेच तर म्हणत, "बसले की झोप येते." त्यांच्या घरी दोनच खुर्च्या होत्या आणि दोन्हींवर कपडे असत.

शनिवारी दुपारी त्या पहाडगंजातल्या मराठी शाळेत मुलांना शब्द शिकवायला जात. दिल्लीत वाढलेल्या मुलांकडून आधी असे शब्दच गळतात, हे त्यांचे दुःख होते. मी एकदा सोबत गेलो होतो. त्या दिवशीचा शब्द होता 'आडोसा'.

"कोण सांगेल?"

"बाई, अडोस-पडोस वाला?" एका मुलाने विचारले.

"चूक. पुढे."

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मी मोबाईल बघताना समोर उशी धरते ना, मम्मीला दिसू नये म्हणून, तो."

"बिल्कुल!" बाई जवळजवळ ओरडल्या. "आणि बघा, कोणापासून तेही सांगितलं हिने."

याच शाळेच्या फाटकाशी ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रेणुका बसलेली होती. ती नांदेड जिल्ह्यातली. एका एजंटाने तिचे लग्न हरयाणातल्या एका गावात लावून दिले होते. तिकडची भाषा येत नव्हती, माहेरचा फोन बंद झाला होता आणि मार रोजचा होता. बस पकडून ती नवी दिल्ली स्टेशनपर्यंत आली. माहेरी गेले तर तिथून परत धाडतील, म्हणून तिकीट काढले नाही. रस्त्याने चालताना मुले मराठीत भांडताना ऐकू आली आणि ती तिथेच टेकली.

"कुठे जायचंय?" बाईंनी विचारले.

"मला वापस नाही जायचं."

"ते मी विचारलंच नाही. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी बाई तिला पोलिसांकडे घेऊन गेल्या. मी बरोबर होतो. नवऱ्याचे नाव सांगायची वेळ आली तेव्हा रेणुकाने नकार दिला. अधिकारी सभ्यपणे बोलला. "मैडम, शिकायत नहीं है तो घर का मामला है. लड़की बालिग है, जहाँ चाहे रहे. आपने शरण दी है, अच्छी बात है."

बाहेर पडल्यावर बाई रिक्षाला हात करताना म्हणाल्या, "शरण म्हणे. आपल्याकडे शरण जातो तो हरलेला. ही हरलीय कुठे? ही पळालीय."

शेजारी त्यांनी रेणुका आपली भाची असल्याचे सांगितले. चुकीचा शब्द त्यांनी जाणूनबुजून वापरल्याचे मला हे एकच उदाहरण माहीत आहे. रेणुका खिडकीपाशी जात नसे. हळू बोलत असे. शेजारच्या वहिनींकडे मात्र रुळली, कारण वहिनींना ज्वारीची भाकरी जमत नव्हती आणि तिला जमत होती. भाकरी थापताना केव्हातरी तिने खरे काय ते वहिनींना सांगितले.

जानेवारीत वसाहतीतल्या मराठी मंडळाचे हळदीकुंकू झाले. बाई एकट्याच आल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षांनी, ज्यांना सगळे काका म्हणत, माइक हातात घेतला. "आपल्याच एका भगिनीने हरयाणातून सुटून आलेल्या निराधार मराठी लेकीला लक्ष्मीबाई नगरमध्ये आश्रय देऊन आपल्या सर्वांची मान उंचावली आहे!" टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ तयारच होते.

"काका, माइक बंद करा," बाई जागेवरून म्हणाल्या.

"अहो, कौतुक करतोय तुमचं!"

"मग घर नंबरही सांगून टाका."

लोक हसले. बाईंचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता, त्यामुळे हा विनोद आहे असे समजले गेले. त्या शाल न घेता निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी कळले की वहिनींनी आपल्या घरी रेणुकाची ओटी भरताना फोटो काढला होता आणि तो मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. खाली 'आपली लेक' असे लिहिले होते.

"इतकी गोड दिसली हो, म्हणून टाकला," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, सगळ्यांना कळलं की सगळे मिळून सांभाळू."

"काढा तो," बाई म्हणाल्या. वहिनींनी लगेच काढला. तोवर तो किती ठिकाणी गेला होता हे कोणीच सांगू शकले नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोन पुरुष वसाहतीत आले. त्यांच्या मोबाईलवर तो फोटो होता. त्यांना तो कोणाकडून मिळाला, याची खातरजमा आजवर झालेली नाही. बाईंनी साखळी लावून दार उघडले. त्या वेळी वहिनी जिन्यात होत्या. पुढचे संभाषण त्यांनी मला सांगितले.

"हमारी बहू है जी. आपने छुपा रखी है."

"हाँ, छुपा रखी है."

 चार माणसे घेऊन परत येतो, असे सांगून ते गेले.

संध्याकाळी काका आले. चेहरा उतरलेला होता. "मंडळ तुमच्या पाठीशी आहे, बाई."

"पाठीशी सगळेच असतात, काका. दारापुढे कोण उभं राहतंय?"

काका म्हणाले की रविवारी मीटिंग घेऊ. वहिनीही नवऱ्यासोबत आल्या होत्या; त्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "आमची नोकरी सरकारी आहे, बाई." बाई म्हणाल्या, "माझीही." त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि स्वतः ओट्याशी उभ्याने प्यायल्या.

पुन्हा पोलिसांत जायचे का, हे त्यांनी रेणुकालाच विचारले. या वेळी तिने नवऱ्याचे नाव सांगितले आणि तक्रार दिली. चौकशी करू, असे उत्तर मिळाले. त्या शुक्रवारी बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निवृत्तीला दीडेक वर्ष उरले होते. सोमवारी त्या ऑफिसात आल्या, हातातल्या बातम्या संपवल्या, खण रिकामा केला.

"मला तरी सांगा, कुठे जाताय," मी म्हणालो.

"तुला कोणी येऊन विचारलं तर खोटं बोलता येईल?"

"नाही जमणार."

"मग."

गुरुवारी ते दोघे आणखी माणसांना घेऊन वसाहतीत आले. घराला कुलूप होते. वहिनी बाहेर आल्या आणि, इथे कोणी राहत नाही, असे त्यांनी सांगितले. माणसे निघून जाईपर्यंत त्या दारापुढेच उभ्या होत्या.

जूनमध्ये मला अनोळखी नंबरवरून फोन आला. बाई होत्या. कुठून बोलतात ते मी विचारले नाही. तब्येत बरी आहे, म्हणाल्या. तक्रारीचे काही पुढे झाले का, ते ठाण्यात जाऊन बघायला सांगितले. बोलणे चालू असताना तिकडे दार वाजले. बाई थांबल्या. "मी बघते," असे रेणुका म्हणाली. तिचा आवाज आता मोठा होता, मोकळा. कडी निघाली. "या, आत या," ती कोणाला तरी म्हणाली, आणि फोन कट झाला.

तो नंबर त्यानंतर लागलेला नाही. तक्रारीची चौकशी चालू असल्याचे ठाण्यातून सांगण्यात आले आहे.